पंख्यासमोरची बाहुली

॥ श्री ॥
बंगळूर,
२३ जुलै २०००

ती. कमलाक्षी अत्तेस,
हेमावतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्याबरोबरचा हुळीपुडीच्या मसाल्याचा डबा, दोन्ही पोचलं. डबा वसतिगृहातल्या मैत्रिणींनी पळवला, पत्र तेवढं माझ्या वाट्याला आलं. त्यात तू विचारलं आहेस की प्रबंध कुठवर आला. अत्ते, तो जिथून निघाला होता तिथेच परत आला आहे.

आमचे सर, प्रोफेसर अनंतपद्मनाभ, गेल्या आठवड्यात अमेरिकेतल्या परिषदेहून परतले. ते परिषदेहून यायचे म्हटलं की आम्ही सगळे संशोधक धास्तावतो, कारण येताना ते चॉकलेटं आणतात आणि एक नवा शब्द आणतात. चॉकलेटं दोन दिवसांत संपतात, शब्द वर्षभर पुरतो. मी इथे आले तेव्हाचा शब्द होता ‘पुनर्रचना’: कंपनीचं काम मुळापासून मोडायचं आणि संगणकाभोवती नव्यानं मांडायचं. त्यासाठी मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या चिदंबरय्यांच्या पंपाच्या कारखान्यात जाऊन बसायला लागले. मग सर सिंगापूरला गेले आणि ‘ज्ञानभांडार’ घेऊन आले: कंपनीतल्या प्रत्येकाच्या डोक्यातलं सगळं संगणकात भरून ठेवायचं. आता आला आहे ‘ई-व्यापार’. सर म्हणाले की पंपबिंप आता पुरे, यापुढे जगात दोनच प्रकारच्या कंपन्या उरतील, इंटरनेटवरच्या आणि बंद पडलेल्या.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर संस्था उघडेल तेव्हा नव्या विषयाच्या कागदावर सरांची सही हवी. ती नसेल तर मला मार्गदर्शक नाही, आणि मार्गदर्शक नसेल तर पदवी नाही. मला तर माझा कारखाना सोडवत नाही. तीन वर्षं मी त्या लोकांच्यात बसले, आता कुठे ते मला पाहून बोलायचं थांबत नाहीत.

सर मनानं वाईट नाहीत गं. भर उन्हाळ्यातही तो बिनबाह्यांचा स्वेटर, बगलेत मिटलेली छत्री, आणि कोणीही काही नवं सांगितलं की ‘हो हो’ म्हणत डोलणारी मान. मी त्यांना तंजावूरची बाहुली म्हणते. जिकडून वारा येईल तिकडे मान. हे तुझ्यामाझ्यात ठेव.

माझी खोलीतली मैत्रीण म्हणते की सोड हे, कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात जाऊन उभी राहा, आत ओढून घेतील. खरं सांगू, मनात येतं.

तुझी माया आहे म्हणून एवढं रडले. ती अशीच राहू दे.
तुझी,
हेमावती


॥ श्री ॥
म्हैसूर,
३० जुलै २०००

चि. पुट्टीस अनेक आशीर्वाद.

हेमू, तुझं पत्र मी बसून वाचायला घेतलं आणि उभी राहून संपवलं. नोकरीचा विचार ज्या ओळीत लिहिलास त्या ओळीतच पुरून टाक. वर माती मी घालते.

मला संगणकातलं काही कळत नाही. पण जन्मभर मी मुलींना इतिहास शिकवला, आणि इतिहास म्हणजे दुसरं काय, माणसं कशाच्या मागे धावली आणि धावून दमल्यावर कुठे बसली याचीच कहाणी. हॉलंडमध्ये शहाणीसुरती माणसं फुलांच्या कांद्यांपायी घरं विकायला निघाली होती. तेव्हाही कोणीतरी सांगतच असेल की आता जगात दोनच प्रकारची माणसं उरतील.

नवं हवंसं वाटणं यात गैर काही नाही. ते वाटलं नसतं तर मी आज चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले असते आणि तू माझ्या शेजारी. पण ज्याच्यासाठी काल कारखान्याची घडी मोडली, ते आज खोटं ठरलं असेल, तर काल ते खरं कोणी ठरवलं हे विचारायला नको? आणि ते खरं असेल, तर आज त्याला टाकून पळायचं कारण काय? या दोन प्रश्नांतून कोणाची सुटका नाही. तुझ्या मेष्ट्रांची, त्या प्रोफेसर मास्तरांची नाही, अमेरिकेचीही नाही. हे त्यांना विचार. नम्रपणे विचार, पण विचार.

आणि मला त्या कारखान्याबद्दल सविस्तर लिही. एकेक लाट कशी आली, तिनं काय मोडलं, काय ठेवलं. मी विद्वान नाही, तेव्हा विद्वानांना लिहितात तसं लिहू नकोस.

इकडे सगळं ठीक. गल्ली खणून ठेवली आहे, इंटरनेटची तार घालतात म्हणे. त्या खणण्यात आपली टेलिफोनची तार तुटली. नवं येईपर्यंत जुनं बंद, हा तुझा विषय थेट माझ्या दारापर्यंत आला आहे.

शेजारच्या सीतालक्ष्मीनं गेल्या दसऱ्याला, घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या तेव्हा, आपल्या पायऱ्यांभोवती विजेची आगगाडी फिरवली होती, आठवतं ना? माझ्या दशावताराच्या बाहुल्यांकडे कोणी बघितलंही नाही. कुंकवाला आलेल्या बायका माझी डाळीची कोसंबरी खात होत्या आणि माना तिच्या खिडकीकडे. या वर्षी माझ्याकडे असा देखावा पाहिजे की तिची आगगाडी रुळावरून घसरली पाहिजे. काही सुचलं तर कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. रागावले असेन तर ते मायेचंच समज.
तुझी अत्ते,
कमलाक्षी


॥ श्री ॥
बंगळूर,
२० ऑगस्ट २०००

ती. अत्तेस सा. न. वि. वि.

विचारलं. नम्रपणे विचारलं. सरांनी मान डोलवली, प्रश्न फार छान आहे म्हणाले, आणि ई-व्यापारावरचे लेख माझ्या हातात ठेवले.

तर आता कारखाना. पुनर्रचनेची लाट आली तेव्हा टाय लावलेले सल्लागार आले. त्यांनी चिदंबरय्यांना सांगितलं की तुमच्या भिंती कामाच्या आड येतात. गवंडी बोलावला, कचेरीतल्या सगळ्या भिंती पाडल्या, आणि हिशेबवाले, आराखडेवाले, दुरुस्तीवाले सगळे एका दालनात आले. पुढे ज्ञानभांडाराची लाट आली. तेव्हाचे सल्लागार म्हणाले की ज्ञान लिहून काढायला शांतता लागते. तोच गवंडी परत आला, आता काचेच्या खोल्या झाल्या. या महिन्यात त्याच खोल्या पाडून इंटरनेटसाठी मोठं दालन करताहेत. गवंडी आता कोणाच्याही आधी सल्लागारांना नमस्कार करतो.

ज्ञानभांडारात प्रत्येकानं आपल्याला येतं ते लिहायचं होतं. लोकांनी मनापासून लिहिलं. त्यात सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान कोणतं, माहीत आहे? लग्नाच्या कोणत्या कल्याणमंडपातला आचारी हुळी-सांबार चांगलं करतो, ते. चिदंबरय्या चिडले, आणि मग मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी स्वतः तेच पान उघडलं.

तू हसशील म्हणून आधी हे लिहिलं. पण अत्ते, मला जे सापडलं ते याच्या पुढचं आहे. भिंती पडल्या तेव्हा आराखडे काढणारे आणि बिघडलेले पंप दुरुस्त करणारे पहिल्यांदा एका टेबलावर डबा खायला लागले. भिंती परत आल्या, टेबल राहिलं. ज्ञानभांडाराचा संगणक आता धूळ खातो, पण त्या दिवसांत एक सवय लागली: शनिवारी त्या आठवड्यात बिघडून आलेला एखादा पंप उघडून त्या टेबलावर ठेवायचा, आणि ज्यांनी तो कागदावर काढला, बनवला, विकला, दुरुस्त केला, त्या सगळ्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं. भांडणं होतात, हातवारे होतात, कोणीतरी दुसऱ्याचा चहा सांडतो. आणि पुढचा पंप थोडा बरा होतो. याला कोणी नाव दिलेलं नाही. सल्लागारांच्या एकाही अहवालात ते टेबल नाही. लाट गेल्यावर वाळूत काय उरतं, तेच मला लिहायचं आहे.

मी ते प्रकरण सरांना वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, हे मला समासातल्या खुणांवरून कळलं. मग म्हणाले की लेखन उत्तम आहे, पण शिळं आहे. बाजारात ताजी भाजी असते तेव्हाच जायला हवं, म्हणाले. मोठी नियतकालिकं ताज्या विषयाशिवाय काही छापत नाहीत, आणि छापून आलं नाही तर तुला पुढे नोकरी कोण देणार, ही त्यांची खरी काळजी आहे. एवढं बोलून त्यांनी सुगुणाम्मांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्यासाठी दिलेला चित्रान्नाचा डबा पुढे केला. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

लोभ आहेच, तो माझ्या रडगाण्याला पुरून उरावा.
तुझी,
हेमावती


॥ श्री ॥
म्हैसूर,
३ सप्टेंबर २०००

चि. पुट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सीतालक्ष्मीला वाचून दाखवलं. कल्याणमंडपाच्या आचाऱ्यापाशी ती इतकी हसली की तिच्या हातातली फुलांची माळ सुटली. मग टेबलाचं आलं, ते तिनं मला दोनदा वाचायला लावलं. पोरी, हे तू लिहिलं नाहीस तर कोण लिहिणार?

ताजी भाजी म्हणे! तुझ्या मेष्ट्रांना सांग की भाजी ताजी असते तेव्हा ती कशी लागेल याचा फक्त अंदाज असतो, कळतं ते जेवून उठल्यावर. जे चाललं आहे त्याचे पोवाडे गायला पुष्कळ भाट मिळतात. ते संपल्यावर तिथे थांबून, वाकून, जमिनीवर काय पडलं आहे ते पाहणारा माणूस विरळा. विद्या कशासाठी असते? वाऱ्याबरोबर पळायला पाचोळाही पुरतो. त्यासाठी संस्था कशाला, ग्रंथालय कशाला, सरकारनं तुला विद्यावेतन तरी का द्यावं? मला जर त्या परिषदेत उभं केलं ना...

असो. ब्लडप्रेशरची गोळी घेऊन पुढे लिहिते.

देखावा ठरला. कोणता ते सांगणार नाही. आपल्या बाहुल्यांची रीत तुला ठाऊकच आहे: दरवर्षी एक तरी नवी बाहुली यायची, आणि जुनी एकही टाकायची नाही. सर्वांत वर माझ्या आईच्या लाकडी राजा-राणीची जोडी, बाकीच्यांनी खाली सरकायचं. तुझं पत्र वाचताना मला वाटलं, त्या कारखान्याला ही रीत कोणी शिकवलीच नाही, तरी ते टेबल त्यांनी ठेवलंच की.

एक क्षुल्लक शंका. तुझ्या मेष्ट्रांचा स्वेटर कोणत्या रंगाचा? आणि छत्रीची मूठ वाकडी की सरळ? उगीच विचारते आहे.

तब्येतीला जप. तुझ्यावरचा माझा हक्क आहे तसाच मानत जा.
तुझी अत्ते,
कमलाक्षी


॥ श्री ॥
बंगळूर,
१९ सप्टेंबर २०००

ती. अत्तेस सा. न. वि. वि.

स्वेटर तपकिरी, मूठ वाकडी. तू त्यांना लोकरीचं काही विणून पाठवणार असशील तर लाच म्हणून ते चालणार नाही, एवढं आधीच सांगते.

मी ठरवलं आहे, अत्ते. सुट्टी संपली की ई-व्यापाराच्या विषयावर सही घेणार. तुझ्यासारखं उभं राहून बोलणं मला जमत नाही. सरांसमोर गेले की माझे मुद्दे चपलांसारखे दाराबाहेर राहतात. गेल्या शनिवारी कारखान्यात निरोप घ्यायला गेले तर टेबलावर पंप उघडलेला होता. दुरुस्तीवाल्यांनी मला सरकून जागा करून दिली. मी निरोप न घेताच परत आले.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
हेमावती


॥ श्री ॥
म्हैसूर,
२९ सप्टेंबर २०००

चि. पुट्टीस अनेक आशीर्वाद.

रागावले होते, म्हणून दहा दिवस लिहिलं नाही. आता इतकी खूश आहे की राग कुठे ठेवला ते सापडत नाही.

काल बाहुल्या बसवल्या. वर आईची राजा-राणी. खालच्या पायरीवर भिंती पाडणारा गवंडी आणि टाय लावलेले दोन सल्लागार. त्याच्या खाली तोच गवंडी काचेच्या खोल्या बांधतो आहे, त्यासाठी मी देवाच्या जुन्या तसबिरींच्या काचा काढल्या. त्याच्या खाली इंटरनेट: गल्लीत खणणाऱ्यांकडून तारेचा तुकडा मागून आणला आणि त्यात एक माकड अडकवलं. आणि सर्वांत खाली, जमिनीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तुझं टेबल. त्यावर उघडलेला पंप, म्हणजे माझ्या मिक्सरची बिघडलेली मोटर.

आणि या सगळ्याच्या बाजूला, ऐक, तंजावूरची मान डोलवणारी बाहुली! तिला मी तपकिरी स्वेटर विणून घातला, वाकड्या मुठीची छत्री दिली, आणि समोर टेबलफॅन ठेवला. पंखा डावीकडे वळला की मान डोलते, उजवीकडे गेला की थांबते, परत आला की परत हो हो हो.

गल्ली लोटली आहे. पोरं दारात येऊन बाहुल्या बसवल्यात का विचारतात आणि उत्तराची वाट न बघता आत घुसतात. सीतालक्ष्मीची आगगाडी रिकामी फिरते आहे. ती स्वतः माझ्याकडेच बसून आहे. काल संध्याकाळी मी उभी राहून देखावा समजावून सांगितला, तुझ्या कारखान्याचा इतिहास, आणि शेवटी विचारलं की हे लिहिणाऱ्या मुलीनं हे सोडून द्यावं का. सगळ्या बायकांनी एका आवाजात नाही म्हटलं.

तू कधी येतेस? डोळे दाराकडे लावून बसले आहे.
तुझी अत्ते,
कमलाक्षी


॥ श्री ॥
बंगळूर,
३० सप्टेंबर २०००

ती. अत्तेस सा. न. वि. वि.

या दसऱ्याला मला येता येणार नाही. मला कांजिण्या आल्या आहेत. या वयात! वसतिगृहाच्या मागच्या खोलीत एकटी आहे, खाली फोनपर्यंतही जाऊ देत नाहीत. काळजी करू नकोस, ताप उतरला आहे. फक्त आरशात पाहिलं की हसू येतं.

एक बातमी. सुगुणाम्मांचं माहेर म्हैसूरला, सरस्वतीपुरममध्ये आहे. दसऱ्याला सर आणि त्या तिकडे जाणार आहेत. सुगुणाम्मांना बाहुल्यांचं वेड, आणि तू करतेस तशी आरास गल्लीत कोणी करत नाही हे मी कौतुकानं सांगितलं, पत्ताही दिला. मंगळवारी संध्याकाळी कुंकवाला येतील. सरांनाही आणतील. तू सरांशी विषयाबद्दल अवाक्षर बोलू नकोस, शपथ आहे. त्यांना नुसती कॉफी दे आणि दशावतार दाखव.

पत्र वाचून हात धू.
तुझी ठिपकेदार,
हेमावती


बंगळूर,
३ ऑक्टोबर २०००, मंगळवार सकाळ

अत्ते,
तुझं २९ चं पत्र आत्ता मिळालं. माझं ३० चं तुला मिळालं का? मिळालं नसेल तर हे वाच आणि धाव: ते आज येताहेत! सर स्वतः! बाहुली उचल, स्वेटर काढ, छत्री लपव, पंखा बंद कर. ही चिठ्ठी म्हैसूरला निघालेल्या मैत्रिणीच्या हाती देते आहे.
माझी पदवी तुझ्या हातात आहे.
हे.


॥ श्री ॥
म्हैसूर,
४ ऑक्टोबर २०००

चि. पुट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं आधीचं पत्र दसऱ्याच्या टपालगर्दीत कुठे अडकलं देव जाणे, आज सकाळी मिळालं. चिठ्ठी काल संध्याकाळी मिळाली. मैत्रीण ती घेऊन दारात आली तेव्हा तुझे मेष्ट्रु माझ्या दिवाणखान्यात बसून कोसंबरी खात होते.

सगळं क्रमानं सांगते. दिवेलागणीला बायका जमल्या होत्या, माझं बोलणं चालू होतं. एक गजरा माळलेली, हसऱ्या चेहऱ्याची बाई दारात आली. तिच्या मागून, काय सांगू तुला, माझ्या बाहुलीनं चपला काढल्या आणि आत आली. तोच स्वेटर. तीच मूठ. बोलणं अर्ध्यावर टाकून मी दोन पावलं पुढे आले. जन्मात पहिल्यांदा.

मला वाटलं, मध्ये उभं राहावं आणि बाहुली झाकावी. पण सीतालक्ष्मी आहे ना! तिनं एकदा पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि चामुंडीच्या डोंगरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला शाबासकी दिली, की कमलाक्षी, हुबेहूब जमलंय गं, छत्रीसुद्धा त्याच दुकानातली दिसते.

पंखा वळला. बाहुली हो हो म्हणायला लागली.

पहिल्यांदा सुगुणाम्मा हसल्या. भिंतीला धरून हसल्या. म्हणाल्या की सगळं बरोबर आहे, फक्त घरी मी काही आणायला सांगितलं की ही मान आडवी हलते, तेवढं दाखवायचं राहिलं. मग बायका हसल्या. तुझे मेष्ट्रु मात्र बाहुलीसमोर उकिडवे बसले. स्वेटरचा टाका बोटानं तपासला. मग एकेक पायरी पाहत खाली आले, आणि टेबलापाशी थांबले. मिक्सरची मोटर हातात घेऊन परत जागच्या जागी ठेवली.

तुझी शपथ मला तेव्हा पोचली नव्हती, हे लक्षात ठेव. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही, आणि बोलले. सगळं बोलले. म्हटलं की ज्या मुलीला हे टेबल दिसलं तिला तुम्ही माकडाच्या तारेत अडकवणार का? शिळं म्हणता, तर मग माझा सगळा इतिहास शिळा, तुमची विद्यापीठं शिळी, या पायऱ्यांवरची माझ्या आईची राजा-राणी शिळी. चांगलंच रंगलं होतं बोलणं. बायकांनी टाळ्याही वाजवल्या.

ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर उठले, गेले, आणि पंख्याचं बटण बंद केलं. बाहुलीची मान हळूहळू थांबली. मग ते म्हणाले की बाई, तुमचं बोलणं मला पटलं, पण तुमची आरास अपुरी आहे. डोलणारी मान तुम्ही सगळ्या गल्लीला दाखवलीत. पंखा कोणी लावला, ते कुठे आहे? म्हणाले, नवं नसेल तर छापत नाही म्हणणारे संपादक यात नाहीत. नवेपणा हाच ज्यांचा माल आहे ते सल्लागार आहेत, पण नुसते उभे, त्यांच्या हाती काही नाही. शेजारच्या कारखान्यानं केलं म्हणून रात्रीची झोप उडालेला मालक नाही. पोरगा इंटरनेटच्या कंपनीत आहे असं लग्नात मिरवणारे आईबाप नाहीत. माझी एकट्याची मान काय ती सापडली तुम्हाला?

हेमू, चुरचुरीत काहीतरी बोलता आलं असतं, पण ते उत्तर झालं नसतं. मी म्हटलं, कोसंबरी घ्या.

त्यांनी घेतली. दुसऱ्यांदाही घेतली. जाताना त्यांनीच पंखा परत लावला, बायकांना उकडत होतं म्हणून. तुझ्या सहीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी घडवलं की बिघडवलं, मला कळत नाही. बिघडलं असेल तर मी स्वतः बंगळूरला येऊन त्यांची क्षमा मागेन, आणि तू जाणतेस की हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

अंगावरच्या खपल्या काढू नकोस. मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी अत्ते,
कमलाक्षी


बंगळूर,
१० ऑक्टोबर २०००

चि. हेमावतीस आशीर्वाद.

कांजिण्यांमुळे तू संस्थेत येऊ शकत नाहीस, म्हणून हे लिहितो. तुझ्या अत्तेचा देखावा पाहिला. तिथे मला कळलं की तुझं प्रकरण मी दोनदा वाचलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. ते टेबल मी बाहुल्यांत पाहिलं.

विषयाच्या कागदावर मी सही केली आहे. विषय तुझाच: लाटा काय मागे ठेवतात. त्यात मी एक प्रश्न जोडला आहे, वारा कुठून येतो. माझ्याजवळ त्याचं उत्तर नाही, म्हणूनच तो संशोधनाचा प्रश्न आहे. छापणारे सापडायला वेळ लागेल, नकार येतील, ते आपण दोघं मिळून वाचू. एक प्रकरण आमच्यासारख्या प्राध्यापकांवर असायला हवं. माझ्यावरही लिही, फक्त छत्रीचा उल्लेख टाळावा.

सुगुणा तुझ्यासाठी मऊ भात पाठवते आहे. बरी झालीस की आधी कारखान्यात जा, मग माझ्याकडे ये. त्या शनिवारी मलाही यायचं आहे.

तुझा शुभचिंतक,
अनंतपद्मनाभ


॥ श्री ॥
बंगळूर,
१३ ऑक्टोबर २००१

ती. अत्तेस,
डॉक्टर हेमावतीचा सा. न. वि. वि.

हो, डॉक्टर! काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की एका टेबलावर एवढा मोठा प्रबंध कसा उभा राहिला. मी उत्तर द्यायच्या आत सरांनी इतक्या जोरात मान डोलवली की परीक्षकच हसले. मग मी बोलले, अत्ते. उभी राहून बोलले. मुद्दे या वेळी चपलांबरोबर बाहेर राहिले नाहीत.

इंटरनेटच्या कंपन्या एकामागून एक बंद पडताहेत हे तू वाचतच असशील. चिदंबरय्यांच्या कारखान्यातलं ते मोठं दालन आता पाडताहेत. गवंडी भेटला, तुला नमस्कार सांगितला आहे. पण त्या लाटेनंही काही ठेवलं: बेळगावचा मेकॅनिक आता बिघडलेल्या पंपाचं चित्र ई-मेलनं पाठवतो, आणि शनिवारी तेही टेबलावर पंपाशेजारी ठेवतात. टेबल आता दोन झाली आहेत. सर महिन्यातून एकदा जातात. मागच्या वेळी त्यांनी दुसऱ्याचा चहा सांडला.

सर गेल्या महिन्यात परिषदेहून आले. चॉकलेटं होती, नवा शब्दही होता. पण तो सांगण्याआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि विचारलं की पाच वर्षांनी यातलं टेबलावर काय उरेल, ते आधी बोलू या. दुपारभर बोललो. शब्द कोणता, ते विचारायचं शेवटी राहूनच गेलं.

सुगुणाम्मांनी तुझ्यासाठी एक खोकं दिलं आहे, ते या पत्राबरोबर पाठवते. आत काय आहे ते मला माहीत आहे. सांगणार नाही. उगीच.

मी पंचमीला येते आहे. जागा करून ठेव, घरात आणि पायरीवरही.
तुझी,
हेमावती


॥ श्री ॥
म्हैसूर,
१८ ऑक्टोबर २००१

चि. डॉक्टर पुट्टीस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी गल्लीला मोठ्यानं वाचून दाखवलं. सीतालक्ष्मीनं आनंदाच्या भरात आपली आगगाडी माझ्या पायऱ्यांभोवती आणून लावली. आता ती तुझ्या टेबलापाशी थांबते.

खोकं उघडलं. गवतात गुंडाळलेली एक बाहुली निघाली. मरून रंगाच्या काठाची साडी, नाकावर उतरलेला चष्मा, आणि उजवा हात वर करून एक बोट आभाळाकडे. तोंड उघडं. सोबत चिठ्ठी, तुझ्या मेष्ट्रांच्या अक्षरात: ‘आपल्या आराशीत एक जागा रिकामी राहिली होती. ही बाहुली कृपया पंख्याच्या मागे बसवावी.’

पाच मिनिटं मी रागानं लाल झाले होते. सीतालक्ष्मी म्हणाली की हुबेहूब जमलंय, फक्त तोंड याहून जास्त उघडं हवं होतं. मग मला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

बसवली आहे. पंख्याच्या बरोबर मागे. माझं बोट वर, पंखा फिरतो, त्यांची मान डोलते. जुनी बाहुली टाकायची नाही, तेव्हा आम्ही दोघं आता दरवर्षी असेच समोरासमोर राहणार. काल संध्याकाळी मी देखावा समजावून सांगायला उभी राहिले, हात वर गेला, आणि पंख्यामागे नजर गेली. हात खाली घेतला आणि समोर बसलेल्या बायकांना म्हटलं, आधी तुम्ही सांगा.

त्या बोलल्या. दोन तास बोलल्या. मी ऐकलं.

लवकर ये. तुला सांगण्यासारखं त्यांच्याजवळ पुष्कळ आहे. माझ्यावरचा लोभ थोडा वाढव, आता मला त्याची सवय करून घ्यायची आहे.

तुझी अत्ते,
कमलाक्षी

ता. क. मेष्ट्रांना कळव की बाहुलीच्या साडीचा काठ चुकला आहे. माझा हिरवा असतो. बाकी तक्रार नाही.